दोराची पहिली गाठ

एका राज्यात राजा होता, प्रजा होती आणि दोघांना मिळून एक दोर होता.

दोर अंबाडीचा. करंगळीएवढा जाड आणि लांबी जेवढी लागेल तेवढी. माणसं वाढली की दोर वाढे, माणसं मेली की आखडे. हे कसं, असं विचारू नये. यक्षाचा दोर तो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

यक्षाने तो पहिल्या राजाला तळ्याच्या पायरीवर दिला आणि सांगितलं, “राजा, ज्याची गाठ या दोराला, त्याचं रूप या राज्यात. ज्याची गाठ नाही, त्याची तिसऱ्या दिवशी सावली जाईल. पाचव्या दिवशी रूप जाईल. आठव्या दिवशी आवाज विरायला लागेल. नवव्या दिवशी सूर्य बुडाला की त्याची आठवणही जाईल. बारा वर्षांनी दोर पाण्यात बुडव, सगळ्या गाठी सुटतील. मग पुन्हा मोज.” एवढं बोलून यक्ष पाण्यात गेला तो गेलाच. यक्षांना असं काहीतरी सांगून निघून जायची खोडच असते.

तेव्हापासून राज्याचे तीन वाटे पडले. हुकमाची मुद्रा राजाकडे. निवाड्याचा तराजू चिंचेवरच्या तीन पाखरांकडे. आणि दोर प्रजेकडे. एकाने दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, असं ठरलं. ठरलं चांगलं होतं. पाळणारे मात्र दरवेळी तसे निघत नाहीत.

दोर सांभाळणाऱ्याला गाठकरी म्हणत. या वेळचा गाठकरी सटवोजी. वय साठाच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, तोंड त्याहून जास्त. अक्षरं त्याला दोनच येत, स्वतःच्या नावातली, तीही उलटसुलट. पण मोजण्यात कधी एक माणूस चुकला नाही. दारोदार जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, “चुलीवर किती जणांची भाकरी?” आतून जो आकडा येईल तेवढ्या गाठी मारायच्या आणि पुढं व्हायचं. जात नाही, गोत नाही, काही नाही. गाठकऱ्याचं स्वतःचं घर सगळ्यात शेवटी. आणि गाठकऱ्याने स्वतःची गाठ स्वतः मारायची नाही, ती घरच्यांनी मारायची. मोजणी संपेपर्यंत दोर त्याच्याच अंगावर, म्हणून तोवर त्याचं रूप जात नसे.

सटवोजीच्या घरचं म्हणजे ठकू. डोंगरापलीकडून चाळीस वर्षांपूर्वी डोक्यावर दोरांची मोळी घेऊन विकायला आली होती. सटवोजीने एक दोर घेतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घेतला, तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “तुमच्याकडं गाय एकच दिसती. एवढे दोर कशाला?” तिथून पुढं ती परत गेलीच नाही.

तर बारा वर्षं भरली. सटवोजीने दोर तळ्यात बुडवला. गाठी अशा सुटल्या जशा पाण्यात साखरेच्या रेवड्या. तो पायरीवर उभा राहून राजाची वाट पाहू लागला. कारण रीत अशी, की पहिली गाठ राजाची. राजाने अनवाणी पायरी उतरायची, गाठीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, “मी एक.” मग मोजणी सुरू.

राजा चंडध्वज आला नाही. भालदार आला. त्याच्या हातात मुद्रेचं मेण.

“महाराजांचा हुकूम,” भालदार म्हणाला. “राजा मोजला जात नाही, राजा मोजवतो. तू सुरू कर. आणि या वेळी प्रश्न दोन.”

“दोन?” सटवोजी म्हणाला. “दुसरा कुठला?”

“तुझा आजा कुठल्या गावी जन्मला? जो गाव सांगेल त्याचीच गाठ बसेल. जो सांगणार नाही, त्याची बसणार नाही.”

“आज्याचं गाव घेऊन महाराज काय करणार?”

“मी भालदार आहे,” भालदार म्हणाला. “मला ओरडायला ठेवलंय, विचार करायला नाही.”

त्याने मेण दोराच्या शेपटीला चिकटवलं आणि दोर थरथरला. हुकूम दोरात शिरला.

सटवोजी गोंधळला. पण राजा तो राजा. आज नाही, उद्या येईल. म्हणून त्याने दोराच्या सुरवातीला हातभर जागा मोकळी सोडली, जशी पंगतीत मोठ्या माणसाच्या पाटाची सोडतात, आणि तिथून पुढं गाठी मारायला घेतल्या. आदर म्हणून केलं. त्या आदराने पुढं किती घोळ झाला, ते ऐका.

पहिल्या दिवशी त्याने वरची पेठ मोजली. तिथली माणसं खूश. आज्याचंच काय, खापरपणज्याच्या गोठ्याचं नाव सांगत होती. गाठी पटापट बसल्या.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या वाडीत उतरला. वाडी नदीकाठची, चाळीस चुलींची. कधीतरी मोठे पूर आले तेव्हा कुठून कुठून वाहत येऊन टेकलेली माणसं. नदीने आणलं, इथं टाकलं, एवढंच त्यांना ठाऊक. प्रश्न ऐकला आणि दारं बंद झाली.

“सटवोजीतात्या,” एका दाराच्या फटीतून म्हादू कोळी म्हणाला, “भाकरी पाच जणांची. मार गाठी आणि जा.”

“आज्याचं गाव सांग.”

“माझ्या बापालाच त्याचा बाप ठाऊक नव्हता. एखादं गाव ठोकून देऊ?”

“खोट्या गाठीनं माझी बोटं भाजतात रे.”

“मग तू तुझी बोटं सांभाळ, मी माझं दार सांभाळतो,” म्हादू म्हणाला आणि फट मिटली.

सटवोजी चिडून स्वतःच्या घरी आला. घर शेवटी मोजायचं, पण आधी विचारून ठेवायला काय हरकत?

“ठके, तुझा आजा कुठं जन्मला?”

ठकू भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“डोंगरापल्याड.”

“डोंगरापल्याड गाव कुठलं?”

“गाव नव्हतं. आम्ही अंबाडी जिथं उगवंल तिथं जायचो. आजा होता एवढं नक्की, नाहीतर मी आले कुठून?”

“तेवढ्यानं भागत नाही. गाव पायजे.”

“चाळीस वर्सं तुमच्या चुलीवर भाकऱ्या टाकतीय,” ठकू म्हणाली, “ते गाव पुरत न्हाई का तुमच्या राजाला?”

सटवोजीने तरी गाठ मारून पाहिली. दोर निसटला. पुन्हा मारली. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा मारली तेव्हा दोराने त्याच्या हातावर चापट दिली.

इतक्यात दारावर पंखांची फडफड झाली. दारातल्या कडुलिंबावर पिंगळा बसला होता. चिंचेवरच्या तीन न्यायपाखरांपैकी हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात तिरसट.

“गाठकरी, थांब,” पिंगळा म्हणाला. “खालच्या वाडीने आमच्याकडे फिर्याद केली आहे. निवाडा होईपर्यंत दुसरा प्रश्न विचारायचा नाही.”

“बरं,” सटवोजी म्हणाला.

दुपारी भालदार आला. “महाराजांचा हुकूम. पाखरांनी पाखरांचं पाहावं. तू विचार.”

“बरं,” सटवोजी म्हणाला.

ऊन कलायच्या वेळी दोघंही एकदम आले. पिंगळा म्हणे विचारू नको. भालदार म्हणे विचार. पिंगळा म्हणे विचारलंस तरी उत्तर ऐकू नको. भालदार म्हणे ऐक, पण पाखरांना सांगू नको. सटवोजीच्या डोक्याचा पार भुगा झाला. तो दोर गळ्यात घालून ओसरीवर बसला आणि म्हणाला, “तुम्ही दोघं आधी एकमेकांत ठरवा. मी तोवर पाणी पितो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकू अंगण झाडत होती. ऊन चांगलं पडलं होतं. केरसुणीची सावली अंगणात हलत होती. ठकूची नव्हती.

सटवोजीने पाहिलं आणि त्याची मस्ती उतरली. तो तडक चिंचेकडे गेला.

चिंच तीन फांद्यांची. एका फांदीवर पिंगळा, दुसरीवर म्हातारा ढोक, मधल्या फांदीवर धनेश, चोच एवढी मोठी की मान सतत झुकलेली. समोर तराजू टांगलेला.

“माय-बाप पाखरांनो,” सटवोजी म्हणाला, “माझी बायको विरत चालली. एकदाचं सांगा, विचारू का नको?”

“राजाला विचारायचा अधिकार नाही,” पिंगळा म्हणाला.

“राजाला विचारायचा अधिकार आहे,” ढोक म्हणाला.

दोघांनी धनेशाकडे पाहिलं. धनेशाने बराच वेळ चोच इकडची तिकडे केली.

“अधिकार आहे,” तो म्हणाला, “पण विचारायचं कारण खरं असलं पाहिजे. राजाकडून कारण आण.”

“म्हणजे आत्ता विचारू का नको?”

“निवाडा दिलेला आहे.”

“काय दिलाय?”

“जो दिला तो,” धनेश म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

पाखरं माणसाच्या तोंडून कारण ऐकत नसत. माणूस बोलताना हात फार हलवतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडगं न्यायचं, राजाने त्यात कारण बोलायचं, तोंडाला फडकं बांधायचं, आणि पाखरं ते तराजूत तोलायची. एका पारड्यात गाडगं, दुसऱ्यात चिंचेचं एक पान. तेवढं तरी वजन कारणाला असावं, एवढीच अपेक्षा. गाडग्याचं स्वतःचं वजन तराजू धरत नसे, तराजूला ते कळत होतं.

सटवोजी गाडगं घेऊन राजवाड्यात गेला. राजा पडद्यामागे. पडद्यापुढे मांत्रिक धूमकाक. हा मंत्राच्या जोरावर गाठीवाचून टिकलेला, कंबरेपर्यंत माणूस आणि कंबरेखाली धूर. दुसऱ्या प्रश्नाची कल्पना याचीच.

“महाराजांच्या वतीने मी बोलतो,” धूमकाक म्हणाला आणि गाडग्यात वाकून बोलला, “प्रजेचं भलं व्हावं म्हणून.”

पाखरांनी फडकं सोडलं. गाडग्यातून धुराची एक रेघ निघाली आणि वर गेली. चिंचेचं पान खाली बसलं.

“दुसरं आण,” धनेश म्हणाला.

चौथ्या दिवशी सटवोजी दुसरं गाडगं घेऊन गेला. धूमकाक म्हणाला, “शेजारच्या सगळ्या राज्यांत असंच विचारतात म्हणून.” या वेळी फडकं सोडल्यावर एक डास निघाला, ढोकाच्या कानाशी गुणगुणला आणि मेला. पान जिथल्या तिथं.

“मी राजाच्या बाजूचा आहे,” ढोक चिडून म्हणाला, “पण डासाच्या बाजूचा नाही. तिसरं आण. तिसरं शेवटचं.”

पाचव्या दिवशी सटवोजी जेवायला बसला, तर समोर ताट आपोआप आलं. भाकरी आली, वर चटणी आली, पाण्याचा तांब्या हवेतून आला आणि आपटला.

“ठके?”

“इथंच हाय. आरडू नका.”

“कुठं?”

“तुमच्या म्होरं. नाकाम्होरं.”

त्याने हात पुढं केला. हाताला बांगड्या लागल्या. दिसत काही नव्हतं. सटवोजीने हातातला घास ताटात ठेवला.

“खा,” ती म्हणाली. “दिसत न्हाई म्हणून भाकरी वाया घालवायची न्हाई.”

खालच्या वाडीत तर चाळीस घरं रिकामी दिसत होती आणि चाळीस घरांतून भांडणं ऐकू येत होती. म्हादूची बायको न दिसणाऱ्या म्हादूला शोधून शोधून शिव्या देत होती आणि तो बाजूला सरकून गालात हसत होता.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सहाव्या दिवशी वरच्या पेठेतली माणसं पळत आली. “आमच्याही सावल्या गेल्या! आम्ही तर गाव सांगितलं होतं!”

सटवोजीने दोर पाहिला. पहिल्या दिवशी मारलेल्या गाठी एकेक करून सुटत चालल्या होत्या. त्याने पुन्हा मारल्या. सकाळी मारली ती दुपारी ढिली. त्याने पाखरांना शिव्या दिल्या, राजाला दिल्या, धूमकाकाला तर ठेवणीतल्या दिल्या, मग स्वतःच्या बोटांना दिल्या. काही उपयोग झाला नाही. सातवा दिवस गाठी मारण्यात गेला आणि सुटण्यात गेला.

आठव्या दिवशी सकाळी ठकू म्हणाली, “दोर हिकडं द्या.” आवाज असा, की विहिरीच्या तळातून कुणी बोलतंय.

दोर त्याच्या मांडीवरून उचलला गेला. न दिसणारे हात त्यावरून फिरले. सुरवातीच्या मोकळ्या हातभर जागेशी थांबले.

“ह्या दोराला डोकं कुठाय?”

“ती जागा महाराजांसाठी ठेवलीय. आदरानं.”

“आदरानं!” ठकू म्हणाली. “माझा आजा दोर वळायचा. त्याला कुणी गाव विचारलं न्हाई, दोर कसा टिकतो ते विचारायचे. तो सांगायचा, आधी डोक्याला गाठ मारा. डोक्याला गाठ न्हाई तर पीळ सुटतो. मागून हजार गाठी मारा, एकबी ऱ्हात न्हाई.” मग आवाज आणखी बारीक झाला. “जावा. त्या राजाला घेऊन या. त्याचीबी गाठ सुटलीय, त्याचं काय झालं असंल बघा तरी.”

सटवोजी दोर घेऊन उठला. गेले आठ दिवस डोक्यात जो भुगा होता त्यात पहिल्यांदा एक खडा लागला. राजाची गाठ तर मीच मारली नाही. मग राजा तरी दिसत असेल का?

राजवाड्यात आज पडदा उघडा होता. सिंहासन रिकामं. त्यावर कुणीतरी धुतलेल्या पंच्यांची पाटी ठेवलेली. धूमकाक दरबारात मुद्रा हातात घेऊन हुकूम सोडत होता, हे आणा, ते बांधा, अमक्याला हाकला.

सटवोजी सिंहासनाजवळ गेला आणि हळू म्हणाला, “महाराज?”

“पाटी काढ,” पाटीखालून बारीक आवाज आला. “तीन दिवस ओरडतोय मी. कालपर्यंत तरी मोठ्यानं ओरडता येत होतं. कुणी ऐकत नाही. काल तर भालदार येऊन बसला माझ्यावर.”

सटवोजीने पाटी काढली.

“धूमकाक म्हणाला होता, राजाला गाठीची गरज नाही,” राजा म्हणाला. “राजा सगळ्यांच्या वर असतो.”

“वरच आहात की. दिसत तेवढं नाही.”

“माझी गाठ मार. लगेच मार.”

सटवोजी खाली बसला. गुडघे कुरकुरले. “चुलीवर किती जणांची भाकरी?”

“मी एक.”

“तुमचा आजा कुठल्या गावी जन्मला?”

सिंहासनाचे पाय कुरकुरले. मग आवाज आला, “आजा तळ्यात सापडला होता. टोपलीत. यक्षाने आणून ठेवला म्हणतात. गाव… मला माहीत नाही.”

सटवोजीने गाठ मारली. दोर निसटला. हुकूम राजाचा, मेण राजाचं, आणि दोराला राजा ओळखू येत नव्हता.

“हुकूम मागे घेतो!” राजा कुजबुजला.

“मुद्रा त्या धुराच्या हातात आहे महाराज. आणि तुमचा आवाज मलाच कसाबसा येतोय. आता पाखरांनी प्रश्न मोडला तर मोडेल. एक गाडगं शिल्लक आहे. खरं कारण सांगा.”

“प्रजेचं भलं…”

“त्याचा धूर झाला.”

“शेजारच्या…”

“त्याचा डास झाला.” सटवोजी चिडला. आयुष्यात राजावर चिडायची त्याची पहिलीच वेळ आणि ती त्याला बरी वाटली. “माझी बायको उद्या सूर्य बुडाल्यावर कुणाला आठवणार नाही, महाराज. मलासुद्धा नाही. चाळीस वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली ती कोण होती, हे मला ठाऊक नसणार. आणि तुम्हीही कुणाला आठवणार नाही. आता तरी खरं बोला की!”

गाडगं हलकेच वाकलं. आत काहीतरी कुजबुजलं गेलं. सटवोजीने फडकं बांधलं आणि उचलायला गेला, तर गाडगं जागचं हलेना. आत शिळा भरल्यासारखं. कसंबसं उचलून दोन पावलं गेला आणि थांबला. मग गाडग्याच्या दुसऱ्या बाजूला न दिसणारे दोन हात लागले. राजा आणि गाठकरी, दोघांनी मिळून ते वाहिलं. उरलेला दिवस चालण्यात गेला, वाटेतल्या देवळात पाठ टेकली, आणि नवव्या दिवशी ऊन चढता चढता चिंच गाठली. राजा आयुष्यात एवढा पायी चालला नव्हता. त्याच्या पायांत काटे मोडत होते आणि तो दर काट्याला “आई” म्हणत होता.

धनेशाने फडकं सोडलं. पारडं असं खाली आलं की चिंचेची फांदी वाकली, पिंगळा घसरला आणि पान उडून गेलं. गाडग्यातून राजाचा आवाज निघाला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

“खालची वाडी वाढत चालली आहे. तिथली सगळी माणसं मोजली तर ती पुष्कळ भरतील. आणि मोजल्यावर मी एकच भरतो. मला त्याची भीती वाटते.”

ढोकाने पहिल्यांदा मान खाली घातली.

“कारण खरं आहे,” ढोक म्हणाला.

“खरं आहे,” पिंगळा म्हणाला. “पण हे राज्याचं कारण नाही. एका माणसाचं आहे.”

“तर निवाडा असा,” धनेश म्हणाला, आणि या वेळी त्याने चोच हलवली नाही. “एका माणसाच्या भीतीपायी एकाच माणसाला प्रश्न विचारता येतो. दुसरा प्रश्न फक्त राजाला विचारावा. आणि ‘माहीत नाही’ हे खरं असेल तर तेच उत्तर धरावं.”

सटवोजीने डोकं खाजवलं. “म्हणजे बाकीच्यांना विचारू नको?”

“नको.”

“एवढं सहा दिवसांपूर्वी सांगता आलं असतं.”

“तेव्हा गाडगं हलकं होतं,” धनेश म्हणाला.

दोराच्या शेपटीचं मेण गळून पडलं. राजा आणि गाठकरी पळाले. म्हणजे सटवोजी जेवढं पळू शकतो तेवढे. तळ्याच्या पायरीवर आले. राजा अनवाणी होताच. सटवोजीने मोकळ्या हातभर जागेत गाठ मारली.

“तुमचा आजा कुठं जन्मला?”

“माहीत नाही.”

“चुलीवर किती जणांची?”

गाठीवर एक बोट दिसू लागलं. मग हात, मग घामेजलेला, काटे टोचलेला, पंच्यांची पाटी बसून मुकुट चेपलेला राजा. “मी एक,” तो म्हणाला. गाठ घट्ट बसली. दोराचा पीळ डोक्यापासून शेपटीपर्यंत कर्रकन आवळला आणि वरच्या पेठेच्या सगळ्या गाठी ताठ झाल्या.

सूर्य कलला होता. वाडीच्या चाळीस चुली बाकी होत्या. तेव्हा राजा पुढं झाला आणि स्वतः दारोदार ओरडत सुटला, “चुलीवर किती जणांची भाकरी?” आतून आकडे यायचे, मागून सटवोजी गाठी मारायचा. एकेका गाठीला एकेक माणूस दारात उमटत होतं. म्हादू उमटला तो नेमका बायकोच्या हाताच्या टप्प्यात, आणि तिने चार दिवसांचं एकदम वसूल केलं. पाचजण, तीनजण, आठजण. धूमकाक नदीकडे पळताना दिसला तेव्हा राजाने त्यालाही धरलं, मुद्रा काढून घेतली आणि विचारलं, “चुलीवर किती जणांची?” “एकाची,” तो म्हणाला. गाठ बसली तसा त्याच्या कंबरेखालचा धूर विरला आणि खाली दोन काटकुळे पाय निघाले. साधा म्हातारा होता. खोकत होता.

शेवटची गाठ मारून सटवोजी वळला तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला. पूर्ण गेला.

सटवोजी एका दारापुढे उभा होता. घर ओळखीचं होतं, आपलंच होतं. पण एवढं पळत आपण इथं कशाला आलो, ते त्याला आठवेना. छातीत धडधडत होतं. कुणासाठी, ते कळेना. आपण एकटे राहतो, घरी काय आहे?

पण हाताला सवय. दार दिसलं की तोंड उघडायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहून तो म्हणाला, “चुलीवर किती जणांची भाकरी?”

आतून उत्तर आलं नाही. त्याने वाकून पाहिलं. चूल पेटलेली होती. चुलीपुढे दोन ताटं मांडलेली होती. एका ताटात तीन भाकऱ्या, दुसऱ्यात दोन.

सटवोजी विचारात पडला. माणूस एक, ताटं दोन. घोळ होता. पण गाठकऱ्याचं काम घोळ सोडवायचं नाही, जेवढ्यांची भाकरी तेवढ्या गाठी मारायचं. कोण, कुठलं, ते विचारायचं नाही. एक ताट आपलं. ती गाठ आपण मारायची नाही. राहिलं एक.

त्याने दोराला एक गाठ मारली.

चुलीपुढे ठकू बसली होती. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांत धूर गेलेला. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“किती उशीर?” ती म्हणाली. “भाकरी गार झाली.”

सटवोजीच्या डोक्यात चाळीस वर्षं एकदम आत आली, दोरांच्या मोळीसकट. त्याला बोलता येईना, ही त्याच्या बाबतीत फारच मोठी गोष्ट होती. तो तिथंच खाली बसला.

“द्या तो दोर,” ठकू म्हणाली. तिने शेवटच्या टोकाशी पीळ चाचपला, अंबाडी बोटांत फिरवली आणि विचारलं, “चुलीवर किती जणांची?”

“दोघांची.”

“तुमची किती? नीट सांगा.”

“मी एक,” सटवोजी म्हणाला.

“आता हलू नका,” ठकू म्हणाली आणि तिने गाठ अशी आवळली की बारा वर्षं पाणीसुद्धा विचार करील.

मुद्रा राजाकडे गेली, तराजू चिंचेवर राहिला, दोर खुंटीला टांगला गेला. दोर भरला, गाठी बसल्या, गार भाकरी पुन्हा तव्यावर पडली. जशी त्यांची चूल पेटली तशी ऐकणाऱ्यांची पेटती राहो, आणि ताट मांडणाऱ्याला कुणी गाव न विचारो.